माझ्या साळ्याचे एकोणचाळीस नियम

अर्जदार : रूपचंद वल्द सुखदेव, वय बावन्न, शिक्षण नववी पास (दहावीचा निकाल अर्जदारास आजही मान्य नाही), धंदा अर्जनवीस, बैठक देवरी येथे तहसील कचेरीसमोर, चिंचेच्या झाडाखाली.
विषयांकित इसम : अर्जदाराचा सख्खा साळा, वय चौतीस, मूळ राहणार चिचगड, हल्ली मुक्काम हैदराबाद.
घटनेचा काळ : गेल्या सालचा पोळा ते होळी.
साक्षीदार : (१) मनोहर, झेरॉक्सवाला. (२) सुगंधाबाई, राहणार चिचगड. (३) अर्जदाराची पत्नी प्रमिला. ही विषयांकित इसमाची मोठी बहीण असल्याने तिची साक्ष निःपक्षपाती धरता येणार नाही, मात्र ती अर्जदाराच्याही बाजूची नाही.

सविनय निवेदन करण्यात येते की, जगातील कोणतीही वस्तू आहे त्याच रूपात राहू देणे ज्याला जमले नाही असा माणूस या संपूर्ण गोंदिया जिल्ह्यात, तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीपासून दरेकशाच्या बोगद्यापर्यंत, एकच जन्मला आणि तो माझ्या बायकोचा भाऊ निघाला. त्याच्यापुढे चहा ठेवला तर तो आधी कपाचा चौकोन काढी, मग चहाचा चौकोन काढी, दोहोंमध्ये बाण काढी आणि बाणावर 'मध्ये आहे' असे लिही. तोपर्यंत चहा निवून जाई. मग निवलेल्या चहाचा निराळा चौकोन. भिंतीवरचे कॅलेंडर, विजेच्या बिलाची मागची बाजू, लग्नपत्रिकांचे कोरे पान, जिथे जागा मिळेल तिथे त्याचे चौकोन आणि बाण उगवत. झेरॉक्सवाला मनोहर, ज्याचे दुकान माझ्या बैठकीला लागून आहे, तो एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भैया, बुरा मत मानना, आपका साला आदमी है या नक्शा?" मी त्यास सांगितले की सदर इसम इंजिनियर आहे. मनोहर म्हणाला, "वही तो पूछ रहा हूं."

तो आमच्याकडे आला ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिली होती, पण चिचगडच्या त्यांच्या घरी मोबाईलला रेंज मिळते ती फक्त गोठ्याच्या छपरावर, आणि छपरावर बसून परदेशी साहेबांशी बोलणे त्याला प्रशस्त वाटेना. म्हणून एक बॅग, एक लॅपटॉप आणि संगणकाचा एक जादा पडदा घेऊन तो बहिणीच्या घरी देवरीस मुक्कामाला आला. हे कारण त्याने सांगितलेले. खरे कारण त्याच्यासोबत न आलेली व्यक्ती होती. त्याची पत्नी चार महिन्यांपूर्वी तिरोड्यास माहेरी गेली होती, वडिलांना लकव्याचा झटका आला म्हणून. वडील उठून बसू लागले, मग चालू लागले, तरी ती हैदराबादेस परतली नव्हती. दोघांत भांडण म्हणाल तर नव्हते. ती 'येते' म्हणत नव्हती, हा 'ये' म्हणत नव्हता. रोज संध्याकाळी फोन होई. वडिलांची प्रकृती, दोन्हीकडचे ऊन, जेवण झाले का, एवढे विषय संपले की दोघेही फोन कानाला लावून गप्प बसत. प्रमिला स्वयंपाकघरातून म्हणे, "बोल ना बापा काही, काऊन मुका बसला?" तो हाताने 'थांब' अशी खूण करी आणि आणखी थोडा वेळ गप्प बसे. ही बाई परत येणार की नाही, आमच्या घरात सहा महिने हा एकच प्रश्न होता, आणि तो सोडून बाकी सर्व विषयांवर आम्ही बोलत होतो.

त्याच्या नोकरीचे स्वरूप समजून घेण्यासाठी मी तीन रविवार खर्ची घातले. तिसऱ्या रविवारी त्याने खाटेवर कागद पसरले. "हे पाहा भाऊजी. एखादं मोठं यंत्र बनवाचं असलं, का आधी त्याचं मॉडेल काढतात. मॉडेल म्हणजे नकाशा. पण यंत्र बनवनाऱ्याचा नकाशा वेगळा, प्रोग्रॅम लिहिनाऱ्याचा वेगळा, तपासनाऱ्याचा आणखी वेगळा. माल तोच, नकाशे तीन. मी नकाशा नाही काढत. एका नकाशाचा दुसरा नकाशा कसा होते, त्याचे नियम लिहितो. इकडून हे आलं तं तिकडे ते व्हावं. बस." मी विचारले, नकाशात काय असावे आणि काय नसावे हे कोण ठरवतो. तो एकदम सावरून बसला. म्हणाला, त्याचाही एक नकाशा असतो, नकाशा कसा असावा याचा नकाशा. त्यात ज्या गोष्टीला घर नाही ती गोष्ट पलीकडे जातच नाही. मी म्हणालो, "म्हणजे लोक झाडाखाली येऊन काहीबाही बोलतात, आणि मी त्याचा अर्ज करतो. तू अर्जनवीसच आहेस, फक्त पगारी." त्याने कागद बाजूला सारले. "सात वर्षं लोकायले समजावून राहिलो, भाऊजी," तो म्हणाला, "माह्या बायकोलेही नाही समजलं. तुमी एका शब्दात सांगितलं." प्रस्तुत लेखकाचा इतका यथोचित सन्मान ना त्यापूर्वी झाला, ना त्यानंतर.

या नियमांसाठीही निरनिराळ्या भाषा असतात, ही माहिती मला नवीन होती. त्यांचे त्याने दोन वर्ग सांगितले. पहिल्या वर्गातील भाषेत फक्त शेवटी काय हवे ते सांगायचे; ते कसे घडवायचे हे तिचे ती पाहते. दुसऱ्या वर्गातील भाषेत पायरी पायरी सांगावी लागते, आधी हे कर, मग ते कर. प्रमिला तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "पहिली भाषा तुह्या भाऊजीले येते. खुर्चीत बसून 'चहा' म्हनतात. दुसरी मले बोला लागते, तवा कुठं हे सिलेंडरचा नंबर लावतात." साळ्याने हे बोलणे वहीत उतरवून घेतले आणि पुढच्या सोमवारी कंपनीतील नवशिक्यांना हेच उदाहरण इंग्रजीतून दिले. माझे घरातील वर्तन त्यामुळे किती देशांत पोहोचले याची मोजदाद माझ्याकडे नाही.

नियम हे कागदावर शोभतात आणि पंगतीत शोभत नाहीत, याचा पुरावा माझ्या पुतणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मिळाला. आमच्या आप्तांमध्ये कोण कोणाशी बोलत नाही याची माहिती घेऊन जेवणाच्या पंगती बसवणे हे काम दर वेळी माझ्याकडे असते. साळा म्हणाला, हे तर त्याच्या लॅपटॉपमधल्या एका हत्याराचे काम आहे. त्याने सर्व पाहुण्यांचे चौकोन काढले, अबोल्याचे लाल बाण काढले आणि एकच नियम लिहिला : शेजारी बसलेल्या दोघांमध्ये लाल बाण असेल तर त्यातल्या एकास उठवून पुढच्या मोकळ्या पाटावर बसवावे, असे लाल बाण संपेपर्यंत करावे. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो नावे पुकारू लागला. प्रमिलाचे मामा उठून पलीकडे गेले तर तिथे त्यांचे व्याही. व्याह्यांना हलवले तर तिथे त्यांचा चुलतभाऊ, ज्याच्याशी त्यांचे शेताच्या धुऱ्यावरून बिनसलेले. चुलतभाऊ उठला तो पुन्हा मामांशेजारी. पत्रावळींवर वाढलेला भात निवत होता आणि वीसेक प्रतिष्ठित माणसे धोतर सावरत या पाटावरून त्या पाटावर जात होती. शेवटी मामा उभेच राहिले. "जावईबुवा," ते मला म्हणाले, "तुमच्या साळ्याले इचारा, हे जेवन आहे का खो-खो?" साळा मात्र पडद्याकडे बघत अत्यंत शांतपणे म्हणाला, "हा नियम थांबत नाही." पुढे त्याने मला समजावले की चूक नियमात नव्हती, पाट पुरेसे नव्हते आणि रुसवे जास्त होते. हे निदान मला आजही अचूक वाटते.

यानंतर त्याची दृष्टी माझ्या धंद्याकडे वळली. सव्वीस वर्षांत लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची स्थळप्रत मी लाल कापडात बांधून ठेवली आहे. काम आटोपल्यावर तो ती गाठोडी सोडून बसे. महिनाभराने त्याने जाहीर केले की माझ्या लेखणीचे सर्व नियम त्याला सापडले आहेत आणि ते एकूण एकोणचाळीस आहेत. माझी अपेक्षा निदान चारशेची होती. त्या एकोणचाळिसांपैकी अकरा फक्त 'सदर' हा शब्द कुठे घालावा याविषयी होते. हे ऐकून मनोहर झेरॉक्सच्या यंत्रावर डोके टेकवून हसला. मी त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी साळ्याने ते नियम चालवून दाखवले तेव्हा माझा राग विरघळला. मनुष्याने आपल्या बोलीत काहीही सांगावे, साळ्याने ते टंकित करावे, त्याचे चौकोन व्हावेत, चौकोनांवरून नियम फिरावेत आणि मनोहरच्या प्रिंटरमधून हुबेहूब माझ्या थाटाचा अर्ज बाहेर पडावा. आपला आवाज दुसऱ्याच्या घशातून येताना ऐकावा तसे मला झाले. खोटे कशाला लिहू, डोळे भरून आले.

त्यातही त्याने एक मेख मारली होती. अर्जातील कोणत्याही वाक्यावर बोट ठेवले की ते बोलणाऱ्याच्या कोणत्या वाक्यातून आले ते पडद्यावर उजळे. चिचगडच्या सुगंधाबाई वनहक्काच्या दाव्यासाठी आल्या होत्या. अर्ज निघाला आणि त्याला उठाव यावा म्हणून मी शाईने एक ओळ जोडली : अर्जदार ही अत्यंत गरीब, निराधार व अबला स्त्री आहे. साळ्याने पडदा तपासला. "भाऊजी, हे वाक्य कुठून आलं? याले धागा नाही." मी म्हणालो, ते अनुभवातून आले आहे. त्याने ते सुगंधाबाईंना वाचून दाखवले. बाईंनी पदर खोचला. "कोन निराधार? माये दोन बैल हायेत, दोन भाऊ हायेत, मोहाची चार झाडं हायेत. जमीन मागाले आली मी, भीक नाही. खोड ते." मी ती ओळ खोडली. सव्वीस वर्षांत माझे वाक्य माझ्याकडून खोडून घेणारी ती पहिली व्यक्ती. बाई गेल्यावर मी साळ्यास म्हणालो की अशाने माझी बैठक उठेल. तो म्हणाला, "उलट आहे भाऊजी. तुमी आणि मी मिळून बसू. हैदराबाद सोडून देतो." तो हे थट्टेने म्हणाला नव्हता. मी त्या रात्री प्रमिलाला विचारून पाहिले की अंगणाकडची खोली त्याला कायमची दिली तर. ती म्हणाली, "देऊ. पन एकट्याले नाही."

आता जे घडले ते लिहिल्यावाचून हे निवेदन पूर्ण होत नाही. संक्रांत झाल्यावर एके दुपारी झाडाखाली गर्दी नव्हती. साळा माझ्यासमोरच्या स्टुलावर, जिथे माझे पक्षकार बसतात तिथे, येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊजी, माहाही एक अर्ज लिहा. तिच्या नावानं." फोनवर जमत नाही, लिहूनही जमत नाही, म्हणून तो बोलेल आणि मी लिहावे. तो तासभर बोलला. मी इतके सलग बोलताना त्याला कधी ऐकले नव्हते. बोलणे संपल्यावर ते त्याने टंकित केले, आणि मी, माझ्या नियमांच्या अभिमानाने आंधळा झालेला मी, म्हणालो की आता यंत्र चालव. त्याने चालवले. कागदाबरोबर पडद्यावर पाच वाक्ये लाल अक्षरांत बाजूला पडली. "इतकं बाहेर राहिलं, भाऊजी," तो म्हणाला. "तुमच्या अर्जात याले घर नाही." मी ती पाच वाक्ये वाचली. चष्मा लावून, नीट वाचली. आणि मी म्हणालो, "अप्रस्तुत आहे. मागणी स्पष्ट आहे ना? मग झाले." तो म्हणाला, "तिले नोटीस आल्यासारखं तं नाही वाटनार?" मी म्हणालो, "वजन वाटेल." मी वयाने मोठा, नात्याने मोठा आणि या शास्त्रात त्याचा गुरू. त्याने मान डोलावली.

त्या पत्राची स्थळप्रत माझ्याकडे आहे. विषय : सहजीवन पूर्ववत सुरू होणेबाबत. महोदया, आपण वडिलांच्या आजारपणाचे कारणास्तव तिरोडा येथे गेलेल्या आहात. सदर कारण आता संपुष्टात आलेले आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत आपला खुलासा सादर करावा. विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल. हे पत्र मी स्वतः पोस्टात नेऊन पोचपावतीसह रजिस्टर केले, कारण महत्त्वाचा कागद मी दुसऱ्या मार्गाने पाठवत नाही.

पोचपावती तिसऱ्या दिवशी आली. पावतीवर त्याच्या पत्नीची सही होती. उत्तर दहाव्या दिवशी आले, साध्या लिफाफ्यात, वहीच्या पानावर. त्यात दोनच वाक्ये होती : "पत्र मिळालं. माझं काही म्हणणं नाही असं धरा." साळ्याने ते उभ्यानेच वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि ताटावर येऊन बसला. त्या संध्याकाळी फोन झाला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. प्रमिलाने माझ्याकडून पत्राची प्रत मागून घेतली, वाचली आणि मला परत देताना एवढेच म्हणाली, "माह्या भावाच्या बायकोले तुमी तहसीलदार समजले का?" मी साळ्याला म्हणालो की आपण दुसरे पत्र पाठवू, दुरुस्तीचे. तो म्हणाला, "राहू द्या भाऊजी. नियम बरोबरच चालले. नकाशा चुकीचा निवडला." मला दोष देणारे एकही वाक्य तो बोलला नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी गोंदियास जाऊन त्याने हैदराबादची गाडी धरली. फलाटावर मी त्याच्या बॅगेचा बंद धरून उभा होतो. गाडी हलली तेव्हा बंद त्याने हळूच माझ्या हातातून सोडवून घेतला.

त्याला सहा महिने झाले. तो रविवारी बहिणीला फोन करतो, माझी खुशाली विचारतो आणि मी फोन घेण्याआधी ठेवून देतो. त्याचा जादा पडदा अजून अंगणाकडच्या खोलीत आहे. प्रमिला त्यावर फडके टाकून ठेवते. कॅलेंडरवरचे चौकोन मी पान उलटूनही जाऊ दिलेले नाहीत. गेल्या सालचे कॅलेंडर नव्याच्या मागे तसेच टांगले आहे. यंत्र नाही म्हणून मी पूर्वीसारखा हातानेच अर्ज लिहितो, पण आता समोरचा माणूस बोलत असताना माझी लेखणी अडते. मध्येच कोणी म्हणते, साहेब, हे लिहू नका, हे असंच सांगितलं. आणि मी तेच एका बाजूला लिहून ठेवतो. मनोहर विचारतो, "भैया, ये अलग कागज किसका?" मी तो कागद लाल कापडात बांधतो. मला साळ्याचा तो प्रश्न ऐकायचा आहे, हे वाक्य कुठून आले, भाऊजी. कोणी विचारत नाही. चिंचेखाली माझ्यासमोरच्या स्टुलावर दिवसभर माणसे बसतात, आणि संध्याकाळी ते रिकामे झाले की मी लगेच उचलून आत ठेवत नाही.

दुरुस्तीचे पत्र मी चार वेळा लिहावयास घेतले. चारही वेळा तिसऱ्या ओळीत 'सदर' आले. यावरून प्रस्तुत लेखक या कामास अपात्र आहे असे दिसून येते. सबब जे मी त्या दुपारी अप्रस्तुत ठरवले ते, एकही शब्द न बदलता, त्याच्याच बोलीत येथे उतरवीत आहे.

"ती भात पाहते तवा पळी झाकनावर दोन खेपा वाजवते. ताई एकच खेप वाजवते, आन् मी दुसरीची वाट पाहून राहतो. मीटिंगमधलं सारं मी घरी तिले सांगो, तिले समजे नाही तरी ती ऐके. आता सांगाले कोनी नाही तं मी मीटिंगमधेही बोलत नाही. तिले 'ये' म्हनून नाही राहिलो, कारन तिचे बाबा अजून भिंत धरून चालतात, आन् मी म्हटलं तं ती येईन, म्हनून मी फोनवर गप्प राहतो, तिच्या घरचं घड्याळ ऐकू येते तेवढं ऐकतो."

तरी, तिरोडा मुक्कामी असलेल्या आमच्या वहिनींच्या न्यायबुद्धीस सविनय विनंती की, पूर्वीचे पत्र हे त्याचे नसून माझे होते, ते रद्द समजावे, त्यातील मुदत रद्द समजावी, आणि वरील पाच वाक्ये तेवढी ग्राह्य धरावीत. यावर उत्तर मिळावे. ते अर्जदाराच्या नावे पाठवू नये; ज्याचे आहे त्याला परस्पर द्यावे. फोन केला तरी चालेल, आणि काही न बोलता नुसता धरून ठेवला तरी त्याला समजेल अशी अर्जदाराची खात्री आहे. मात्र या खात्रीच्या पुष्ट्यर्थ अर्जदाराजवळ कोणताही कागद नाही.